हँडलाचा खटला

मोटारसायकलचं हँडल थरथरतं, एवढीच तक्रार होती. कुणाचा खून झाला नव्हता, कुणाचा बांध कुणी कोरला नव्हता. पण भोरसारख्या गावात वकिलाच्या फटफटीचं हँडल ही खासगी बाब राहत नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवर पक्षकार आधी हँडलाची तब्येत विचारायचे आणि मग स्वतःच्या दाव्याकडे वळायचे. एकदा भर कामकाजात न्यायाधीशांनी "काय वकीलसाहेब, आज पायीच?" असं विचारलं, तेव्हा समोरचे वकील इतके हसले की त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. तो दावा मी हरलो. कायद्यानं नाही, हँडलामुळे हरलो, असं माझं आजही ठाम मत आहे.

आता थरथर कधी व्हायची, ते ऐका. मी एकटा असलो की गाडी अगदी गुणी. आमचं कुटुंब, म्हणजे बनाबाई, मागच्या कॅरिअरवर गादी घालून बसली की मात्र वाटेत एखाद्या ठिकाणी हँडलाला हिवताप भरायचा. सन पस्तीसच्या मेंगाईच्या जत्रेला आम्ही दोघं असेच वेल्ह्याला, तिच्या माहेरी निघालो. बाईमाणूस फटफटीवर बसून माहेरी येतंय ही बातमी आमच्या आधी पोचली होती. वेशीत सगळं गाव उभं. पुढे माझे मेहुणे कुंडलिकराव नवा फेटा बांधून, आणि त्यांच्यामागे त्यांची बायको साळूबाई. मी ऐटीत भोंगा वाजवला. त्याच क्षणी हँडल डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, पुन्हा डावीकडे गेलं, आणि आम्ही दोघं भेंडबत्ताशांच्या दुकानात शिरलो. दुकान जमिनीवर मांडलेलं होतं, त्यामुळे फार लागलं नाही. पण बत्ताशांचा चुरा लुगड्यावर, केसांत, कुंकवावर घेऊन बनाबाई उठली, तेव्हा साळूबाई पदराआडून म्हणाली, "वन्सं, फटफटीवरनं उतरायची ही नवी तऱ्हा निघाली का हो?"

झालं! त्या एका वाक्यानं माझ्या संसाराची वर्षभर झोप उडवली. बनाबाईनं त्याच पावली घर गाठून ओट्यावरच्या आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "आये, फुडच्या जत्रंला ह्याच फटफटीवरनं, ह्याच येशीतनं, न पडता यीन. तवर ह्यो उंबरा चढणार न्हाई." तिची आई, चंद्राबाई, गुडघ्यांनी अधू. ती भोरला येऊ शकत नव्हती आणि लेक वेल्ह्याला जाईना. बाजाराला येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर आईचा निरोप यायचा की बने, बैलगाडीनं ये, पायी ये, पण ये. निरोप ऐकून बनाबाईचे डोळे भरायचे आणि हनुवटी आणखी घट्ट व्हायची. मीही एकदा बैलगाडीचं नाव काढून पाहिलं. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

तेव्हा हँडलाचा काहीतरी बंदोबस्त करणं भाग होतं. माझ्या दुर्दैवानं मी तसं ओट्यावर बसून मोठ्यानं बोललो.

पहिले आले इस्माईलभाई. हे भोर-पुणे सर्व्हिस मोटारीचे ड्रायव्हर, आणि रस्त्यावर जे जे चाकांवर चालतं ते सगळं आपल्या अखत्यारीत येतं अशी त्यांची समजूत. त्यांनी हँडल दोन्ही हातांनी हलवलं, कान लावून ऐकलं आणि निकाल दिला. "वकीलसाहेब, ह्याला डँपर न्हाई. डँपर न्हाई तर हँडल थरथरनार न्हाई तर काय आरती म्हननार?"

डँपर म्हणजे काय, हे त्यांनी आमच्या घरचा अडकित्ता आणि दोन पोळ्या घेऊन समजावलं. हँडलाच्या मानेशी चकत्या बसवायच्या, वर एक मूठ. मूठ पिळली की चकत्या एकमेकींना आवळतात आणि हँडल जड होतं, सैल सोडली की मोकळं. पुण्याला लष्कर भागातल्या दुकानात मिळतो. किंमत ऐकून मी पोळ्या परत घेतल्या.

शेजारचे भिमाजीतात्या, पेन्शनर अव्वल कारकून, यांना नवीन वस्तूचा वास आला की ठसका लागतो. ते म्हणाले, "हँडल जड केलंत, तर वळणावर वळणार कसं? अहो, थरथरतंय म्हणजे गाडी तुम्हाला बजावतेय, हळू चला." मी म्हटलं, तात्या, हळू चाललं तर पडते. ते म्हणाले, "मग चालवूच नका." तात्यांचा कोणताही सल्ला तिसऱ्या वाक्याला इथेच येऊन पोचतो. गेनबा लोहारानं सांगितलं की पुण्याचा डँपर कशाला, म्या बैलगाडीच्या आसाचं कडं तापवून मानंत ठोकून देतो. त्याच्या हातात घण होता, म्हणून मी नम्रपणे विचार करतो म्हणालो. इस्माईलभाईंची बायको रहमतबी कोथिंबीर द्यायला आली होती. तिनं सगळं ऐकलं, बनाबाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पदर तोंडाला लावून खुदकन हसली आणि काही न बोलता निघून गेली. बायकांना यंत्रातलं काही कळत नाही, असं मी मनाशी म्हटलं.

मी वकील आहे. पुराव्याशिवाय खर्च करणं माझ्या रक्तात नाही. तेव्हा नीरेकाठच्या माळावर रीतसर तपास करायचं ठरलं. साक्षीला निम्मं भोर आलं. आधी मी एकटा चाललो. हँडल शांत. मग कॅरिअरवर भाताचं पोतं करकचून बांधलं आणि चाललो. शांत! मग इस्माईलभाई स्वतः मागे बसले. वजनानं ते पोत्याला भारी, आणि इतकी वर्षं मोटार चालवूनही दुसऱ्याच्या मागे बसायला मनातून घाबरणारे. त्यांनी मला मागून अशी मिठी मारली की माझ्या बरगड्या वाजल्या. माळाला तीन फेऱ्या घातल्या, पण हँडलानं हूं की चूं केलं नाही.

भिमाजीतात्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे वकीलसाहेब, एकटे असता तर नाही, पोतं असलं तर नाही, इस्माईल असला तर नाही. यावरून निष्कर्ष एकच निघतो." आणि त्यांनी माझ्या घराच्या दिशेनं पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं.

निष्कर्ष मलाही दिसत होता. पण घरी जाऊन तो बनाबाईला ऐकवायचा कुणी? "अगं, दोष गाडीत नाही, तुझ्यात आहे," हे वाक्य मी मनात सतरा प्रकारांनी बोलून पाहिलं. मऊ आवाजात बोलून पाहिलं, संस्कृत शब्द घालून पाहिलं. प्रत्येक वेळी शेवट वाईट झाला. त्या वाक्याच्या मानानं डँपर एकदम स्वस्त वाटायला लागला. "डँपर घ्यायचा!" मी माळावरच जाहीर केलं. लोकांना वाटलं, मला यंत्रशास्त्र समजलं.

पुण्याहून डँपर घेऊन सर्व्हिस मोटारीनं परत येताना जकात नाक्यावर अल्लाउद्दीन मुनशींनी पुडकं सोडायला लावलं. पांढरी दाढी, हळू बोलणं, सज्जन माणूस. त्यांनी डँपर उलटासुलटा केला.

"हे काय म्हणायचं, वकीलसाहेब?"

"गाडीचा भाग."

"हा नसताना गाडी चालत होती?"

"होती."

"मग भाग कसा? ही शोभेची वस्तू झाली. शोभेच्या वस्तूला जकात जास्त."

इथे एखाद्या शहाण्या माणसानं गप्प बसून पैसे भरले असते. पण मी उभा राहिलो, कोटाची बटणं लावली आणि युक्तिवाद सुरू केला. हा डँपर नसेल तर गाडी कशी बेफाम होते, माणसांच्या जिवाला कसा धोका होतो, हे मी इतकं परिणामकारक सांगितलं की मोटारीतली एक म्हातारी उतरून बाजूला उभी राहिली. मुनशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे अशी धोक्याची गाडी तुम्ही आजवर संस्थानच्या रस्त्यांवर फिरवत होता?"

माझ्या उभ्या वकिलीत मला कुणी इतकं सुबक पकडलेलं नाही. शेवटी ठरलं की ही वस्तू गरजेची आहे हे मी गाडी आणून, नेहमीच्या बैठकीनिशी, प्रत्यक्ष दाखवायचं. तोवर डँपर नाक्यात.

दुसऱ्या दिवशी बनाबाईला मागे बसवून नाक्यावर गेलो. गाडी उभी केली, पाय टेकले, इंजिन चालू ठेवलं. मुनशी बाहेर आले. आणि गाडी जागच्या जागी, काहीही कारण नसताना, आडवी झाली! चालती गाडी पडते हे समजू शकतं, पण उभी? मी खालून, सायलेन्सरजवळून वर बघितलं. बनाबाई पदर सावरत होती, मुनशी खाली बघत होते, आणि मला वाटतं त्यांची दाढी हसण्यानं हलत होती. "गरजेची वस्तू आहे," ते म्हणाले. "घेऊन जा. आणि वकीलसाहेब..." एवढं म्हणून ते थांबले, खाकरले, आणि "काही नाही, सांभाळून जा," म्हणत आत गेले.

डँपर इस्माईलभाईंनी बसवला आणि "आता हलली तर नाव बदलीन" म्हणत त्याची मूठ पक्कडीनं पिळली. ती त्यांनी इतकी पिळली, की मी गल्लीच्या वळणावर हँडल फिरवलं, तर हँडल फिरेना. गाडी सरळ गेली. सरळ भिमाजीतात्यांचं परसदार होतं, त्यात अळू होतं. तात्या अळवात उभे राहून म्हणाले, "वळणार कसं, हे मी विचारलं होतं." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या पेन्शनीच्या दिवशीही पाहिला नव्हता. मला त्या दिवशी एवढी चीड आली की वाटलं, गाडी भंगारात द्यावी, वकिली सोडावी आणि बनाबाईला बैलगाडीत घालून, हवं तर बांधून, वेल्ह्याला पोचवावं. पण घरी आलो तर ती नव्या लुगड्याला काठ लावत बसली होती. जत्रा तोंडावर आली होती. "झालं का नीट?" तिनं विचारलं. "झालं," मी म्हणालो आणि अळवाची पानं खिशातून काढून तिच्यापुढे ठेवली.

जत्रेच्या दिवशी सकाळीच निघालो. मूठ बेताची पिळलेली. नसरापुरापर्यंत गाडी अशी चालली की मला गाणं सुचायला लागलं. नसरापूरच्या बाजारात जरा हलली, मी मूठ पिळली. मार्गासनी गेलं. समोर राजगड, ऊन कोवळं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि हँडल गाईसारखं गरीब. मी मागे ओरडून सांगितलं, "बघ! डँपर! विलायती माल!" मग विंझर आलं. आंब्याखाली बनाबाईचे गेनूमामा उभे होते. त्यांनी हात वर करून "राम राम, जावईबापू!" म्हटलं मात्र, हँडलाला असा झटका आला की विलायती माल, मूठ, चकत्या, सगळं असून आम्ही रस्ता सोडून बांधावरून खाली कोरड्या भातखाचरात गेलो.

माझा कोट कोपरावर फाटला, चष्मा ढेकळांत चाचपून शोधावा लागला. गेनूमामा धावत आले, त्यांनी गाडी उभी करून दिली आणि आमची तोंडं बघून बिचारे पाणी आणायला म्हणून गेले. मी ढेकळात बसून कबूल करून टाकलं, "संपलं. डँपर फुकट गेला. बना, इथून बैलगाडी करू. नाहीतर परत फिरू."

"परत?" बनाबाई बांधावर बसून केसांतलं काड काढत होती. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज साफ होता. "आय वरीसभर वट्यावर बसून वाट बघतीया. परत न्हाई जायाचं. मला आदी सांगा, इस्माईलभाई मागं बसला तवा थरथरली?"

"नाही."

"त्यो कशाला धरून बसला हुता?"

"मला."

"कसा?"

"कसा म्हणजे काय! मिठी मारून. अजून बरगड्या दुखतात."

"आन भाताचं पोतं?"

"ते दोरानं आवळून बांधलं होतं."

बनाबाई हातातली काडी टाकून माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजी पोत्याला दोरानं बांधायचं, इस्माईलभाईनं तुमाला मिठी मारायची, आन लग्नाच्या बायकूनं हवा धरून बसायचं व्हय?"

"तू... तू कशाला धरतेस?"

"म्या कॅरेरला धरते. मानूस दिसलं की पदर घ्याया नगं? मग दोनी हात पदराला. वडीलधारं दिसलं की वाईच मागं सरते. तुमच्यात आन माझ्यात अंतर दिसाया नगं का? मामांनी राम राम घातला, म्या वाकून नमस्कार केला."

"चालत्या गाडीवर?"

"मग काय, उतरून करू?"

डोक्यात लख्ख उजेड पडला. एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, दोन्ही हात डोक्यावर, अंग मागे कललेलं, वर नमस्कार. हँडल थरथरणार नाही तर काय करणार बिचारं! बाजारात थरथरलं, वेशीत थरथरलं, मुनशींच्या दाढीपुढे तर उभ्या उभ्या पडलं. आणि मी पुढे बघून चालवणारा, मला मागचं दिसणार कसं? इस्माईलभाईंना दिसलं असणार. मुनशींना दिसलं होतं. रहमतबीला तर न बघता कळलं होतं. पण "वकीलसाहेब, बायकोला म्हणावं, तुम्हाला घट्ट धरून बस," असं तोंडावर सांगणारा माणूस भोर संस्थानात जन्माला यायचा होता. लोकांनी मला डँपर घ्यायला लावला, कारण डँपरबद्दल चारचौघांत बोलता येतं.

"मग धर की मला," मी म्हणालो. म्हणालो खरा, आणि लगेच रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुणी ऐकलं नाही ना ते बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी रस्त्यावर आमचा एकमेकांना हात लागलेला नव्हता. चालताना ती मागे, मी पुढे. जत्रेत हरवलो तरी हाक मारायची नाही, खोकायचं, अशी आमच्याकडची रीत.

"येशीत?" बनाबाई म्हणाली. "दादाम्होरं? वैनीम्होरं? समद्या गावाम्होरं तुमाला कवळ घालून बसू?"

लांबून जत्रेचा ताशा ऐकू येत होता.

मग ती उठली. पदर डोक्यावरून घेतला आणि टोक कमरेशी असं खोचलं की वादळानंही सुटू नये. लुगड्याचा कासोटा आवळला. गाडीपाशी जाऊन, घोड्यावर बसतात तशी, दोन्हीकडे पाय टाकून बसली. "चला," ती म्हणाली. "आन ती मूठ सैल सोडा. तिचं आता काय काम न्हाई."

गेनूमामा पाण्याचा तांब्या घेऊन आले ते तसेच तांब्या धरून उभे राहिले. मी किक मारली. दोन हात माझ्या कमरेभोवती आले आणि पोटाशी एकमेकांत अडकले. खरं सांगतो, मोठमोठ्या दाव्यांत उभा राहिलो, पण अंगाला असा कंप कधी सुटला नव्हता. हँडल स्थिर होतं, थरथरत होतो तो मी.

वेल्ह्याची वेस दिसली. गाव होतंच, गेल्या वर्षीपेक्षा जास्त, कारण पडणं बघायला लोक लांबून येतात. चावडीवर म्हातारी मंडळी ओळीनं बसलेली. पुढे कुंडलिकराव, मागे साळूबाई. मी मनात म्हणत होतो, आता सुटतील हे हात, आता पदराकडे जातील, आता आपण पुन्हा पडू. चावडी आली. हात सुटले नाहीत, उलट आणखी आवळले. पाठीवर तिचं कपाळ टेकलेलं मला कळत होतं. ती लाजेनं अर्धी झाली होती, पण हात सोडत नव्हती.

ताशा बंद पडला. कुंडलिकराव तोरण्याकडे तोंड करून उभे राहिले, जणू किल्ला आजच बांधून झाला होता. साळूबाईच्या तोंडून "अगं बया, बया, बया!" एवढंच निघालं. कुणीतरी पोर खिदळलं, कुणीतरी शिट्टी मारली, आणि मागून एक म्हातारा म्हणाला, "शरम न्हाई राहिली!" बनाबाईचे हात जरा सैल झाले, आणि गाडीही तेवढी हलली.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला, घराच्या ओट्यावर, चंद्राबाई काठीच्या आधारानं उठून उभी राहिली. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. गावात तिच्या शब्दाला वजन, आणि रीतीभातींना ती सगळ्यांत कडक. साळूबाईला हसताना दात दिसले म्हणून बोलणारी बाई! मी मनात मेंगाईला नवस बोललो.

म्हातारीनं काठी वर केली आणि ताशाला लाजवील अशा आवाजात ओरडली, "बने! सोडू नगंस गं! घट्ट धर! घट्ट धर त्येला!"

हँडल सरळ राहिलं. चावडीवरून, ताशापुढून, साळूबाईच्या नाकासमोरून आम्ही बाणासारखे गेलो आणि ओट्यापाशी जाऊन मी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. चंद्राबाई रडत होती आणि हसत होती. गल्लीतून सगळं गाव आमच्याकडे धावत येत होतं. मी हळूच मान वळवून म्हणालो, "आलं माहेर. उतर आता."

"थांबा की वाईच," बनाबाई म्हणाली.